पाठ सीटला, पट्टा हाडावर: मोटारीत नीट बसण्याची रीत

द्वारका चौकातल्या सिग्नलला गाड्या थांबल्या की आजूबाजूच्या मोटारींमध्ये एक ठरलेली हालचाल दिसते. पुढे वाहतूक पोलीस उभा असेल तर चालकाचा हात खांद्यामागे जातो, पट्टा छातीवरून ओढला जातो आणि बकलमध्ये न अडकवता मांडीपाशी नुसता धरून ठेवला जातो. चौक ओलांडला की मूठ सुटते आणि पट्टा सरसरत परत खांबात शिरतो. मोटार चालवायला शिकवण्याच्या कामात माझी बरीच वर्षे नाशिकच्या रस्त्यांवर गेली. पेठ रोडवरच्या आरटीओत परीक्षेला जाणाऱ्या उमेदवारांशी बोलताना मला वारंवार जाणवते की सीट बेल्ट हा पोलिसासाठी किंवा परीक्षकासाठी लावायचा असतो, ही समजूत ते घरूनच घेऊन आलेले असतात. जे मनापासून लावतात त्यांच्यापैकीही पुष्कळांचा पट्टा चुकीच्या जागी असतो, कारण पट्ट्याच्या आधी सीट लावावी लागते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. म्हणून येथे सुरुवात सीटपासून केली आहे. मात्र त्याआधी पट्टा नेमके काय करतो, ते थोडक्यात पाहू.

हाडावरच का?

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एखाद्या भिंतीसारख्या वस्तूवर आदळली, तर आत मोकळ्या बसलेल्या माणसाच्या अंगात सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून पडल्यावर असते तेवढी ऊर्जा असते. वेग ८० असेल तर हीच उंची पंचवीस मीटर, म्हणजे साधारण आठ मजले होते. गाडी थांबते, पण आतला माणूस आधीच्याच वेगाने पुढे जात राहतो आणि स्टेअरिंग, काच, डॅशबोर्ड किंवा पुढची सीट यांपैकी जे आधी लागेल ते त्याला थांबवते. साठ किलो वजनाच्या माणसाला ५० च्या वेगावरून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबवायचे, तर त्याच्यावर सरासरी साडेआठशे किलो वजनाइतका जोर येतो. दोन्ही हात डॅशबोर्डला टेकवून हा जोर पेलता येईल असे ज्यांना वाटते, त्यांनी घरच्या दारात उभे राहून तेवढ्या वजनाच्या बैलाला हाताने थोपवण्याची कल्पना करून पाहावी.

पट्टा नसला तरी हा जोर येणारच असतो. पट्टा तो शरीराच्या भक्कम भागांवर वाटून देतो आणि थांबण्यासाठी थोडा अधिक वेळ मिळवून देतो. भक्कम भाग तीन आहेत: कमरेचे हाड, बरगड्यांचा पिंजरा आणि खांद्याजवळची हसळी. पोट, गळा आणि काख हे मऊ भाग आहेत. तेथे पट्टा आला तर वाचवणारी वस्तूच इजा करते. आज आपण वापरतो तो तीन बिंदूंचा पट्टा व्होल्वो कंपनीतील अभियंता निल्स बोहलिन याने १९५९ मध्ये तयार केला. त्याआधी तो विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करीत असे. त्याच्या रचनेतील मर्म हेच होते की खालचा भाग कमरेच्या हाडावर आणि वरचा भाग छातीच्या हाडावर येऊन दोन्ही एकाच बाजूला खाली अडकावेत. कंपनीने त्याचे पेटंट इतर उत्पादकांना खुले ठेवले, म्हणूनच आज प्रत्येक गाडीत तोच पट्टा दिसतो. पुढच्या सीटवरील व्यक्तींच्या मृत्यूचा धोका पट्ट्यामुळे ४५ ते ५० टक्क्यांनी आणि मागच्या सीटवरील व्यक्तींचा सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आधी सीट

चालकाने गाडीत बसल्यावर किल्ली लावण्याआधी पँटच्या मागच्या खिशातले पाकीट काढून बाजूला ठेवावे आणि बूड सीटच्या अगदी मागच्या कोपऱ्यापर्यंत सरकवावे, म्हणजे कंबर आणि पाठ यांच्यामागे पोकळी राहत नाही. मग क्लच पूर्ण दाबून सीट पुढेमागे करावी. क्लच तळाला गेल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. क्लच नसलेल्या गाडीत हीच चाचणी ब्रेक दाबून घ्यावी. पाय ताठ करून पेडल दाबावे लागत असेल, तर अपघातात तो धक्का सरळ मांडीच्या आणि कमरेच्या हाडापर्यंत पोहोचतो.

त्यानंतर पाठीचा कोन. दोन्ही खांदे सीटला टेकलेले ठेवून हात सरळ पुढे करावा. मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकले तर कोन बरोबर आहे, नुसती बोटेच पोहोचत असतील तर पाठ जास्त मागे झुकलेली आहे. छातीचे मधले हाड आणि स्टेअरिंगचा मध्य यांत किमान २५ सेंटिमीटर, म्हणजे एक वीत आणि वर दोन-तीन बोटे, एवढे अंतर असावे. एअरबॅग सेकंदाच्या सुमारे तीन शतांश भागात फुगते, पापणी लवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. फुगत असतानाच छाती तिच्यावर आली तर तिचा फटकाच बसतो. उंचीने कमी असलेल्या व्यक्ती, विशेषतः माझ्याकडे शिकायला येणाऱ्या अनेक स्त्रिया, रस्ता दिसावा म्हणून स्टेअरिंगला अगदी खेटून बसतात. त्यांनी सीट पुढे ओढण्याआधी सीटची उंची वाढवून पाहावी आणि स्टेअरिंग खाली करता येत असेल तर तेही करावे. पाठीमागे जाड उशी ठेवण्याचा उपाय टाळावा, कारण त्या उशीमुळे अंतर आणखी कमी होते आणि धक्क्यात उशी दबली की पट्ट्यात ढिलाई निर्माण होते.

हेडरेस्टकडे बहुतेक जण डोके टेकवायची सोय म्हणून पाहतात, आणि गाडी घेतल्या दिवशी ते ज्या उंचीवर असते तेथेच ते गाडी विकेपर्यंत राहते. नाशिक रोडच्या गर्दीत मागून कोणी धडकले की सीट पाठीला पुढे ढकलते, डोके मात्र जागीच राहते आणि मान मागे झटकली जाते. त्या क्षणी डोक्याला आधार देणे हे हेडरेस्टचे खरे काम आहे. त्याची वरची कड डोक्याच्या टोकाच्या पातळीला, निदान कानांच्या वरच्या टोकापेक्षा उंच असावी आणि डोक्याच्या मागचा भाग त्याच्या शक्य तितका जवळ असावा. बाजूचे बटण दाबून ते वर ओढायला दहा सेकंद लागतात. मागच्या सीटवरची हेडरेस्ट आरशात अडथळा येतो म्हणून काढून डिकीत टाकलेली असतात. मागे माणूस बसणार असेल तर ती आधी परत लावावीत.

शेजारी बसणाऱ्याची सीट हा वेगळा विषय आहे. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा झाला. सपाट भागात मोटारींना तेथे ताशी १२० ची मर्यादा आहे, आणि सरळ रस्त्यावर सिन्नर मागे पडते न पडते तोच शेजारचा प्रवासी सीट आडवी करून झोपतो. पट्टा त्याने लावलेला असतो, पण पाठ मागे गेल्यामुळे वरचा भाग छातीपासून सुटून हवेत लोंबतो. धडक झाली की शरीर खालच्या पट्ट्याखालून पुढे घसरते, पट्टा कमरेच्या हाडावरून सरकून पोटात रुततो आणि वरचा भाग गळ्याशी येतो. झोप आलीच तर पाठ जवळजवळ सरळ ठेवून मानेभोवती पातळ उशी घ्यावी. अंग पसरूनच झोपायचे असेल तर विश्रांतिस्थळी गाडी उभी करून झोपावे. पाय उचलून डॅशबोर्डवर ठेवण्याविषयी एवढेच सांगतो की एअरबॅग त्याच डॅशबोर्डमधून बाहेर येते आणि गुडघे तोंडावर आणून आदळते.

मग पट्टा

पट्टा संथपणे ओढावा. हिसका दिला की तो अडकतो आणि अनेकांना वाटते की तो बिघडला. वास्तविक त्याच्या गुंडाळीतली कळ हिसक्याला आणि गाडीच्या कलण्याला लागू व्हावी अशीच बनवलेली असते. अडकला तर थोडा मागे जाऊ द्यावा आणि पुन्हा सावकाश ओढावा. घाटात तीव्र उतारावर उभ्या केलेल्या गाडीत तो कधी कधी काही केल्या बाहेर येत नाही, तेव्हा गाडी सपाट जागी आणावी.

पट्ट्याला पीळ पडलेला नाही हे बोटांनी चाचपून पाहावे. जवळजवळ पाच सेंटिमीटर रुंदीचा पट्टा दोरीसारखा गुंडाळला गेला की तोच जोर बोटभर रुंदीच्या जागेवर येतो. बकलमध्ये ‘खट्’ असा आवाज येईपर्यंत कडी दाबावी आणि एकदा ओढून खात्री करावी. यानंतर पुष्कळ लोक थांबतात, पण खरे काम येथून पुढे आहे. खालचा भाग दोन्ही हातांनी मांडीच्या सांध्यापर्यंत खाली सरकवावा, म्हणजे कमरेच्या दोन्ही बाजूंना हाताला लागणाऱ्या हाडांच्या टोकांच्या खाली तो बसतो. मग छातीवरचा भाग वर खेचून खालच्या भागातली ढिलाई काढून टाकावी. वरचा भाग हसळीच्या मध्यावरून आणि छातीच्या मधल्या हाडावरून जावा. गळ्याला घासत असेल तर दारामागच्या खांबावरची पट्ट्याची कडी खालीवर करता येते का ते पाहावे. गळ्याला लागतो म्हणून पट्टा काखेतून घेणे ही मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक आहे. त्यात सगळा जोर खालच्या बरगड्यांवर येतो आणि त्यांच्यामागे यकृत आणि प्लीहा आहेत.

साडी नेसलेल्या प्रवाशांबाबत दोन गोष्टी कोठे सांगितलेल्या आढळत नाहीत, म्हणून त्या विस्ताराने लिहितो. निऱ्या जेथे खोचलेल्या असतात तेथे बेंबीखाली कापडाचा एक गठ्ठा तयार होतो आणि खालचा पट्टा स्वाभाविकच त्या गठ्ठ्याच्या वर, म्हणजे थेट पोटावर जाऊन बसतो. तो हाताने गठ्ठ्याच्या खाली, मांड्यांच्या मुळाशी आणावा लागतो, आणि ते बसल्यावरच करावे लागते. दुसरी गोष्ट पिनेची. पदर डाव्या खांद्यावर पिनेने लावलेला असतो, आणि आपल्याकडे डाव्या बाजूच्या सीटवर पट्टाही डाव्याच खांद्यावरून येतो. म्हणजे पीन किंवा ब्रोच बरोबर पट्ट्याखाली येते आणि धक्क्यात ती हसळीजवळ रुतू शकते. प्रवासाला निघताना पीन खांद्याच्या मागच्या बाजूला लावावी, किंवा मागे उजवीकडे बसावे, कारण तेथे पट्टा उजव्या खांद्यावरून येतो.

शर्टाच्या खिशातले पेन, चष्म्याचे घर आणि मोबाइल यांनाही हाच न्याय लागू आहे. डिसेंबर-जानेवारीत निफाडच्या थंडीच्या बातम्या येऊ लागल्या की नाशिककर जाड जाकिटे बाहेर काढतात. जाड जाकिटावरून आवळलेला पट्टा प्रत्यक्षात शरीरापासून काही बोटे दूर असतो, म्हणून जाकिटाची चेन उघडून पट्टा आतून, शरीरालगत घ्यावा.

पट्टा न लावताच घंटी बंद करणाऱ्या खोट्या कड्या बाजारात सहज मिळत असत. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्या विकणाऱ्या पाच ऑनलाइन विक्रेत्या कंपन्यांविरुद्ध आदेश काढले. छातीवर पट्टा सैल राहावा म्हणून लावायचे चिमटेही मिळतात. तेही तितकेच घातक आहेत.

मागची सीट

काही वर्षांपूर्वी मी आईला घेऊन वणीच्या गडावर निघालो होतो. ती मागे बसली होती. दिंडोरीच्या पुढे द्राक्षबागेतून एक ट्रॅक्टर ट्रॉलीसह अचानक रस्त्यावर आला आणि मी जोरात ब्रेक दाबला. वेग चाळीसच्या आसपासच होता आणि कशालाही धडक बसली नाही, पण आई सीटवरून पुढे घसरून तिचा गुडघा आणि कपाळ माझ्या सीटच्या पाठीवर आपटले. टेंगूळ आले, बाकी काही झाले नाही. मी तिला विचारले, “आई, पट्टा लावला नव्हतास का गं?” ती म्हणाली, “अरे, लावायचा कुठं? पट्टा आहे, पण त्याचं घर कुठंय?”

गाडी बाजूला घेऊन मी मागे हात घालून पाहिले. नवे सीट कव्हर बसवून घेतले त्या दिवशी कव्हर बसवणाऱ्याने मागची तिन्ही बकले सीटखाली ढकलून वरून रेक्झिन ताणून शिवले होते, म्हणजे कव्हर सपाट दिसावे. दिसायला ते खरोखर सपाट आणि सुबक होते. दोष त्याच्याइतकाच माझाही होता, कारण गाडी ताब्यात घेताना मी टाके पाहिले, रंग पाहिला आणि बकले पाहिलीच नाहीत. आणि दिवसभर दुसऱ्यांना पट्ट्याचे महत्त्व सांगणारा माणूस महिनाभर तशीच गाडी वापरत होता. तेव्हापासून माझा सल्ला असा आहे की कव्हर बसवताना समोर उभे राहावे, प्रत्येक बकलासाठी चीर ठेवायला सांगावी, आणि गाडी हलवण्याआधी मागचे सर्व पट्टे एकदा लावून पाहावेत. ज्या गाड्यांच्या पुढच्या सीटच्या कडेला एअरबॅगचा छोटा बिल्ला शिवलेला असतो, त्यांवर साधे कव्हर मुळीच चढवू नये, कारण बाजूची एअरबॅग सीटच्या शिवणीतून फाटून बाहेर यायची असते आणि जाड कव्हर तिला अडवते.

मागे बसणाऱ्याला पट्टा ऐच्छिक आहे, हा समज कायद्याच्या दृष्टीनेही चुकीचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १३८ नुसार चालक, पुढचा प्रवासी आणि समोर तोंड असलेल्या मागच्या सीटवरील प्रवासी यांनी गाडी चालू असताना पट्टा लावणे बंधनकारक आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १९४-ब नुसार त्यासाठी एक हजार रुपये दंड आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला; त्यात मरण पावलेले दोघेही मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टे लावलेले नव्हते. गाडी महागडी आणि भक्कम होती, पुढे बसलेले दोघे वाचले.

मागचा मोकळा माणूस केवळ स्वतःला धोक्यात घालतो असेही नाही. सत्तर किलोचे शरीर मागून येऊन पुढच्या सीटवर आदळते तेव्हा पुढचा माणूस स्वतःचा पट्टा आणि मागून आलेले ओझे यांच्यामध्ये सापडतो. हीच गोष्ट सामानाची. द्राक्षांच्या हंगामात ओझरहून किंवा पिंपळगावहून येताना मागच्या काचेखालच्या फळीवर पाच किलोची पेटी ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे. धडकेच्या क्षणी ती पेटी शंभर किलोच्या जोराने पुढच्यांच्या मानेवर येऊ शकते. पेटी डिकीत, किंवा निदान पुढच्या सीटच्या मागे पायाशी ठेवावी.

मागच्या मधल्या जागी जुन्या गाड्यांत फक्त कमरेचा पट्टा असतो. तो तीन बिंदूंच्या पट्ट्याइतका चांगला नाही, तरी काहीच नसण्यापेक्षा बरा. मात्र तो मांड्यांच्या मुळाशी घट्ट आवळावा. मागे तिघांची जागा असताना चौघे बसले, तर चौथ्यासाठी पट्टाच नसतो, आणि त्याला सामावून घेण्यासाठी उरलेले तिघेही आपापले पट्टे काढून ठेवतात.

गर्भवती स्त्रिया आणि मुले

गर्भवतीने पट्टा लावू नये, असे घरातील वडीलधारी मंडळी मायेपोटी सांगतात; प्रत्यक्षात आईला धरून ठेवणे हाच बाळाच्या संरक्षणाचा मार्ग आहे. खालचा पट्टा पोटाच्या फुगवट्याच्या खाली, मांड्यांना लागून कमरेच्या हाडावर यावा, वरचा पट्टा दोन स्तनांच्या मधून येऊन पोटाच्या कडेने खाली जावा, आणि कोणताही भाग पोटावरून आडवा जाऊ नये. शक्य असल्यास स्वतः गाडी चालवू नये. चालवायचीच असेल तर सीट जितकी मागे नेता येईल तितकी न्यावी.

मुलांच्या बाबतीत सर्वांत धोकादायक जागा आपण सर्वांत मायेची समजतो, ती म्हणजे पुढच्या सीटवर आईची मांडी. ताशी ५० च्या धडकेत दहा किलोचे मूल क्षणभर दोन-तीनशे किलोचे होते. ते कोणत्याही हातात राहत नाही. आई आणि मूल दोघांना मिळून एकच पट्टा लावला तर आईचे सगळे वजन मुलावर येते आणि पट्टा मुलाला चिरडतो. तेव्हा मुलासाठी वेगळे आसन हवेच. ते वजन आणि उंचीप्रमाणे निवडावे. अगदी लहान बाळाचे आसन मागे तोंड करून बसवावे, म्हणजे धक्का पाठ, मान आणि डोके यांवर एकत्र वाटला जातो. युरोपातील नव्या मानकानुसार किमान पंधरा महिन्यांपर्यंत असे बसवणे आवश्यक आहे आणि आसन परवानगी देईल तोवर तसेच ठेवणे अधिक चांगले. असे मागे तोंड केलेले आसन चालू एअरबॅगसमोर पुढच्या सीटवर कधीही ठेवू नये.

आसन मोटारीच्या पट्ट्याने किंवा आयसोफिक्सच्या, म्हणजे बालआसन अडकवण्यासाठी मोटारीच्या सीटमध्येच बसवलेल्या, कड्यांनी बांधल्यावर तळाशी धरून हलवून पाहावे. दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलत असेल तर ते सैल आहे. मुलाच्या खांद्यावरचे पट्टे चिमटीत धरता येत नाहीत इतके घट्ट असावेत, आणि मागे तोंड असताना ते खांद्याच्या पातळीवरून किंवा किंचित खालून, तर पुढे तोंड असताना खांद्याच्या पातळीवरून किंवा किंचित वरून निघावेत. मूल मोठे झाले की बूस्टर येतो. त्याचे काम मुलाला उंच करून गाडीचा पट्टा हसळीवर आणि कमरेच्या हाडावर आणणे एवढेच आहे, आणि उंची साधारण १४५ सेंटिमीटर होईपर्यंत त्याची गरज असते. मुलाची पाठ सीटला टेकते, गुडघे सीटच्या कडेवर वाकतात, खालचा पट्टा मांड्यांवर आणि वरचा खांद्याच्या मध्यावर येतो, आणि सगळा प्रवासभर ते तसेच बसू शकते, असे झाले की बूस्टर काढावा. चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन नसल्यास कलम १९४-ब मध्ये वेगळी तरतूद आहे आणि दंड तोच, एक हजार रुपये.

मुलांना सनरूफमधून उभे करून उड्डाणपुलावरून नेणाऱ्या पालकांविषयी काय लिहावे, हे मला कळत नाही. ती खिडकी आहे, गच्ची नव्हे.

भाड्याची गाडी

त्र्यंबकेश्वर, शिर्डी आणि वणी येथे जाणाऱ्या भाड्याच्या मोठ्या गाड्यांत डिकीच्या जागी एकमेकांसमोर तोंड करून बसायच्या आडव्या सीट अनेकदा असतात. त्यांना बहुधा पट्टे नसतात, आणि पट्टा असता तरी आडव्या बसलेल्या माणसाला समोरून येणारा धक्का बाजूने लागतो. सिंहस्थाच्या काळात बाहेरगावचे पाहुणे अशाच गाड्यांतून येणार-जाणार आहेत. गाडी ठरवताना भाड्याबरोबर दोन प्रश्न विचारावेत: सर्व सीट पुढे तोंडाच्या आहेत का, आणि मागचे पट्टे चालू आहेत का. “साहेब, सगळं आहे” या उत्तरावर न थांबता निघण्याआधी स्वतः बकल शोधून पाहावे. आडव्या सीटवर माणसांऐवजी सामान बांधून ठेवता आले तर उत्तम.

पट्ट्याची निगा

महिन्यातून एकदा प्रत्येक पट्टा पूर्ण बाहेर ओढून दोन्ही कडा बोटांमधून फिरवाव्यात. कड कुरतडलेली, धागे निघालेले किंवा उन्हाने रंग उडून कापड ताठरलेले असेल तर पट्टा बदलावा. पावसाळ्यात शेताजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर शिरतात आणि वायरींबरोबर पट्टेही कुरतडतात, हे ग्रामीण भागातल्या वाचकांना सांगायला नको. मळलेला पट्टा कोमट पाणी आणि सौम्य साबण यांनी पुसून सावलीत पूर्ण वाळेपर्यंत बाहेर ओढलेलाच ठेवावा. ब्लीच, रंग किंवा पेट्रोल लावल्याने धागे कमजोर होतात. बकलमध्ये चिवड्याचे शेव-दाणे अडकणे ही आपल्याकडची खास अडचण आहे. कडी नीट अडकत नसेल तर आधी टॉर्च लावून आत पाहावे.

मोठ्या धडकेत ज्या पट्ट्याने माणूस धरला तो पट्टा आणि त्याची गुंडाळी बदलून घ्यावी, कारण धागे एकदा ताणले गेलेले असतात आणि पट्टा क्षणार्धात आवळणारे बारूदी यंत्र एकदाच चालते. जुनी गाडी घेताना किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागतो आणि काही सेकंदांत विझतो हे पाहावे. तो लागलाच नाही तर बल्ब काढलेला असू शकतो, आणि लागलेलाच राहिला तर यंत्रणेत दोष आहे.

पट्टा सोडताना

गाडी पूर्ण थांबल्यावरच पट्टा सोडावा. फाटकापाशी पोहोचलो म्हणून शेवटच्या गल्लीत आधीच सोडू नये. कसारा घाटासारख्या ठिकाणी गाडी उलटली आणि आपण पट्ट्यात उलटे लटकत असलो, तर घाईने बटण दाबू नये, कारण अंगाचे सगळे वजन मानेवर येते. आधी एक हात छताला घट्ट टेकवावा, पाय डॅशबोर्डला किंवा पुढच्या सीटला रोवावेत, हनुवटी छातीशी आणावी आणि मग दुसऱ्या हाताने बटण दाबावे. ताणाखाली बटण सुटत नसेल तर छताला टेकवलेल्या हाताने अंग थोडे उचलून ताण कमी करावा. तरीही सुटले नाही तर पट्टा कापावा लागतो. त्यासाठी छोटा कटर मिळतो. तो डिकीतल्या पेटीत ठेवू नये. बसल्या जागेवरून हात पोहोचेल अशा ठिकाणी, दोन सीटमधल्या खणात घट्ट बसवून ठेवावा, आणि तो कोठे आहे हे मागे बसणाऱ्यांनाही सांगून ठेवावे.